नोरामावशीचं रडणं

मंगरूळपीरमध्ये अस्सल वऱ्हाडी कोण बोलायचं असं मला कुणी विचारलं, तर मी एका आयरिश बाईचं नाव सांगतो. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, निवृत्त प्राध्यापक आहे, गंमत करत असेल. पण खरंच सांगतो, आमच्या गल्लीतली निम्मी माणसं शिकून ‘मला-तुला’वर आली, माझ्यासारखी काही तर पार पुणेरी झाली, आणि नोरामावशी मात्र मरेपर्यंत ‘मले-तुले’च बोलत राहिली. तिला ती भाषा माझ्या आईनं शिकवली होती.

डॉक्टर गावंडे हे तिचे यजमान. ते डब्लिनला डॉक्टरी शिकायला गेले आणि येताना पदवीबरोबर एक नर्स बायको म्हणून घेऊन आले. ही माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट. गावानं सहा महिने डॉक्टरांच्या घरचं पाणी बंद केलं. औषध चालायचं, पाणी चालायचं नाही. त्या सहा महिन्यांत तिच्या हातचं पाणी प्यायली ती शेजारची द्वारका, म्हणजे माझी आई. आई काही सुधारक वगैरे नव्हती. तिला विचारलं तर म्हणायची, “परक्या मुलखातून आली बिचारी. तिच्या घरी जाऊन उगंच कोरड्या तोंडानं बसू का?”

नोरामावशी उंच होती, हाडापेरानं दणकट, आणि तोंड बाराही महिने लालबुंद. नऊवारी लुगडं तिच्या उंचीला पुरत नसे, घोट्याच्या वर चार बोटं पाय उघडे राहत. चालायला लागली की बरोबरच्या बायकांना पळावं लागे. डॉक्टरांकडे येणारी अडलेली बाळंतपणं हळूहळू तिच्याकडे आली. पुढं पुढं तर शेलूबाजारपासून तिच्यासाठी बैलांची दमणी यायची.

तिनं सोडवलेल्या प्रत्येक बाळाला तिच्याकडून लोकरीची टोपी मिळे. स्वतः विणलेली. तिच्या समुद्राकाठच्या गावात वारा असा, की उघड्या डोक्याचं मूल वाचत नाही, हे तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं आणि आजीचं शिकवलेलं विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. भर वैशाखात जन्मलेली पोरं टोपीखाली घामानं निथळत. आया टोपी काढून ठेवत, आणि नोराबाई गल्लीच्या तोंडाशी दिसली की लगबगीनं परत घालत. शेवटी माझ्या आईनंच तिला छेडलं.

“अवं नोरे, उनात पोट्ट्याले शिजवतं का काय?”

“वारा काय सांगून येते का?” नोरामावशी म्हणाली आणि सुया चालवत राहिली.

तिला कुणी इंग्रज म्हटलेलं मात्र खपत नसे. स्वातंत्र्य मिळालं त्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी तहसीलदारांनी मोठ्या मनानं तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि भाषणात म्हणाले, आपला राग इंग्रजी राज्यावर आहे, इथं बसलेल्या या इंग्रज भगिनीवर नाही. नोरामावशी जागची उठली.

“सायेब, मी इंग्रज नाही. आमच्या डोक्शावर बी थेच बसले व्हते. आमी त्यायले तुमच्या पंचवीस वर्सं आंदी हाकललं. उशीर तुमी केला.”

सगळं पटांगण हसलं. तहसीलदारही हसले आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस गावात कुणी उशिरा आलं की लोक म्हणत, उशीर तुमी केला.

इंग्रजी तिला औषधाच्या बाटल्यांपुरती आणि डॉक्टरांशी भांडण्यापुरती लागे. तिची स्वतःची भाषा, घरची, ती निराळीच होती. ती भाषा मंगरूळपीरमध्ये फक्त तिच्या तांबड्या गाईला ऐकायला मिळे. धार काढताना ती गाईशी एवढं बोलायची की आम्हाला वाटे, आत कुणी पाहुणी आली आहे. ती आजारी पडली आणि माझी आई धार काढायला बसली तेव्हा गाईनं थेंब दिला नाही. शेवटी नोरामावशीला अंगात ताप असताना खाटेवरून हाका मारून गाईशी गप्पा माराव्या लागल्या आणि आईनं तेवढ्यात चरवी भरून घेतली.

मी बी.ए. होऊन नागपूरहून परत आलो तेव्हा माझ्या अंगात नवी विद्या उसळत होती. वाशीमला हायस्कुलात मास्तर झालो. रविवारी घरी आलो की आईची भाषा सुधारायचो, आणि आई दाद देत नाही म्हटल्यावर नोरामावशीची. ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. ‘काहून’ काय, ‘का’ म्हण. एकदा तिनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

“मास्तर,” ती मला मास्तरच म्हणायची, नोकरी लागल्या दिवसापासून, “माह्या आजीच्या गयात शायेत काडी बांधत. घरची भाषा बोल्ली का त्या काडीवर एक खाच. सांच्याले खाचा मोजून तितक्या छड्या. तुले बांधाची का माह्या गयात काडी? बांध. मी मान खाली करते.”

आणि तिनं खरोखर मान खाली केली. मी हसण्यावारी नेलं. तिचं म्हणणं मला समजलं नव्हतं असं नाही. समजलं होतं, पण ते आपल्याला लागू आहे असं वाटलं नव्हतं.

आता तिच्या रडण्याबद्दल.

आमच्याकडे कुणी गेलं की बायका हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाला नावानं हाक मारायची, त्यानं काय काय केलं, कुणाला कसा टाकून गेला, सगळं त्याला सांगायचं. शिकलेल्या घरांतून हे तेव्हाही बंद होत आलं होतं. नोरामावशी मंगरूळपीरला आली त्याच वर्षी समोरचे म्हातारे सोनार वारले. बायकांचा आवाज ऐकून डॉक्टरांनी तिला दार लावून आत बस म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, बाई घाबरेल. ती दार उघडून तरातरा गेली, बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसली आणि तिच्या भाषेत रडायला लागली. तोच हेल, तसंच पुढं-मागं झुलणं. बायका आपलं रडं विसरून तिच्याकडे पाहत राहिल्या. मध्येच ती थांबली. सगळ्यांकडे बघत थांबूनच राहिली. कुणाला काही कळेना. तेव्हा माझ्या आईनं “अवं माय वं” म्हणून सूर लावला, बाकीच्यांनी तो उचलला, आणि नोरामावशी पुढं सुरू झाली.

तिच्या गावी असंच रडत. एकीनं सांगायचं आणि थांबायचं, मग बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर मिळाल्याशिवाय रडणं पुढं सरकत नाही. तिथल्या पाद्रीबाबांना हे पसंत नव्हतं. ते काठी घेऊन बायकांना उठवायला यायचे, असं ती सांगे. पुढं ती वऱ्हाडीत रडायला शिकली, कारण गेलेल्याला समजलं पाहिजे हा तिचा हट्ट. मग असं झालं की गावात कुणीही गेलं तरी निरोप जायचा, नोराबाईले सांगा. ती येऊन बसेपर्यंत बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून थांबायच्या. हिंदू असो, मुसलमान असो, दर्ग्याच्या मुजावराची म्हातारी गेली तेव्हाही ती होतीच. डॉक्टर गेले तेव्हा तर ती सकाळपासून दुपारपर्यंत रडली. त्यांनी तिला डब्लिनच्या एका पुलावर पावसात कसं उभं केलं होतं तेही सगळ्या गावाला त्या दिवशी कळलं.

पण एक रडणं तिचं राहून गेलं होतं. तिच्या आईचं.

आई वारल्याचं पत्र तिला दोन महिन्यांनी मिळालं. तेव्हा मी नागपूरला शिकत होतो, हे मला माझ्या आईनं सांगितलं. नोरामावशीनं पत्र गोठ्यात बसून वाचलं आणि आमच्या ओसरीवर येऊन म्हणाली, “द्वारके, माय गेली माही.”

“मंग रड ना वं,” आई म्हणाली. “मी हाय ना अठी. बाकीच्यायले बलावू का?”

“कोन्या भाषेत रडू? माह्या मायले वऱ्हाडी समजत नाही. अन् तिच्या भाषेत रडली तं अठी उत्तर देनारं कोन हाय?”

आईनं खूप समजावलं. ती ऐकेना. म्हणाली, कधीतरी कुणी भेटेल. आयुष्यात एकदा तरी तिची भाषा जाणणारं माणूस समोर येईल, तेव्हा रडेन. तोवर आई थांबेल, तिला घाई नाही. ही गोष्ट आठ वर्षं तशीच राहिली. आमच्या घरात ती सगळ्यांना माहीत होती. मला माहीत होती.

पंचावन्न-छप्पनचा सुमार. तेव्हा वाशीम हा अकोल्याचा तालुका. विद्यापीठानं वाशीमला बहिःशाल केंद्र काढलं होतं. म्हणजे प्राध्यापकांनी रेल्वेनं यायचं, तीन दिवस व्याख्यानं द्यायची, आणि गावानं शहाणं व्हायचं. केंद्राचा कार्यवाह मी. त्या वर्षी विषय होता आयर्लंड: साहित्य, संगीत आणि भाषा. लहानशा देशानं आपली मरू घातलेली भाषा कशी जगवायला घेतली, यावर बोलायला नागपूरचे एक मोठे प्राध्यापक यायचे होते. ते डब्लिनला वर्षभर राहून आलेले. आणि खरी गोष्ट अशी, की अमरावतीच्या कॉलेजात एक जागा निघणार होती आणि तिथं या प्राध्यापकांचा शब्द चालत होता. शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष एक आयरिश बाई व्यासपीठावर आणून उभी केली, की माझं काम होईल असा माझा हिशेब होता.

मी मंगरूळपीरला गेलो. ती गोठ्यात होती.

“मावशी, तुझ्या देशावर व्याख्यानं आहेत. शेवटच्या दिवशी तुझ्या भाषेतलं एखादं गाणं म्हणशील?”

“कोनापुढं?”

“प्राध्यापक येतायत. डब्लिनला राहून आलेले.”

तिचा गाईच्या पाठीवरचा हात थांबला. “त्याले आमची भाषा येते?”

माझ्या खिशात प्राध्यापकांचं पत्र होतं. त्यांना मी आधीच विचारलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, त्या भाषेच्या चळवळीचा आपला अभ्यास आहे, भाषा अवगत नाही.

“येते,” मी म्हणालो.

“समजते, का बोल्ता बी येते?”

“दोन्ही.”

तिनं गाईच्या पाठीवरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाली, “येते मी. पन गानं नाही म्हनत. दुसरं म्हनीन. चालन?”

“काहीही म्हण.”

निघताना आईनं मला दारात अडवलं. तिला दम्याचा त्रास सुरू झाला होता, बोलताना थांबावं लागे. “भास्कर, त्या मानसाले खरंच येते ना रे तिची भाषा? आठ वर्सं झाले तिले.”

“हो गं,” मी म्हणालो.

दोघी म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांना मी पाच मिनिटांत दोनदा फसवलं आणि मोटार चुकू नये म्हणून पळत सुटलो.

केंद्राची तयारी आम्ही झोकात केली. हिरव्या पताका लावल्या. आयर्लंडचं चिन्ह तीन पानांचं असतं एवढं मी कुठंतरी वाचलं होतं, ते मी चित्रकलेच्या मास्तरांना सांगितलं. त्यांनी विचार केला, तीन पानांचं म्हणजे दुसरं काय असणार, आणि पडद्यावर हे भलंमोठं बेलाचं पान रंगवलं. नोरामावशी तिसऱ्या दिवशी मोटारीतून उतरून सभागृहात आली, पडद्यासमोर उभी राहिली आणि पोट धरून हसली. “महादेव आमच्याकडचाच निंघाला वं!” ती कुणाला तरी म्हणाली. आई दम्यामुळं आली नव्हती, पण सवयीनं ती तिच्याशीच बोलली असावी.

नवं लुगडं नेसली होती. हातात कागदाची पुडी, त्यात प्राध्यापकांसाठी विणलेली टोपी. “त्याले भेटून देते,” म्हणाली. मी तिला भेटू दिलं नाही. प्राध्यापक विश्रांती घेतायत, आता जेवतायत, आता पाहुण्यांत आहेत, असं सांगून मी तिला दुपारभर चित्रकलेच्या खोलीत बसवून ठेवलं. ती तिथल्या बाकावर ताठ बसून होती, ओठ हलत होते. आठ वर्षांत काही शब्द निसटले असतील, ते गोळा करत असावी.

प्राध्यापकांचं भाषण उत्तम झालं. भाषा गेली की माणसाचं रडणं-हसणं जातं असं ते म्हणाले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मी नोरामावशीला वर नेलं. तिनं प्राध्यापकांना हात जोडले आणि तिच्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलली. आठ वर्षं कशासाठी थांबले, हेच सांगितलं असणार. प्राध्यापकांनी हसून मान डोलावली. तिनं ती मान खरी मानली.

ती खुर्चीवर बसली नाही. सतरंजीवर खाली बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि सुरू झाली.

पहिल्या ओळीतच मला कळलं, हे काय आहे ते. सभागृहातही अनेकांना कळलं. मंगरूळपीर-वाशीमकडच्या कुठल्या माणसानं तो सूर ऐकलेला नाही? पुढच्या रांगेतले वकील एकमेकांकडे बघायला लागले. ती एक कडवं सांगून थांबली, प्राध्यापकांकडे बघत. प्राध्यापकांना वाटलं, गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

ती गोंधळली. पुन्हा सुरू झाली, आवाज जरा चढवून, समोरच्याला नीट ऐकू गेलं नसेल अशा समजुतीनं. पुन्हा थांबली. “सुंदर!” प्राध्यापक म्हणाले. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. ती मात्र त्यांच्याकडेच पाहत होती. भूक लागलेलं माणूस वाढणाऱ्याकडे पाहतं तसं ते पाहणं होतं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला. अंगावर काटा आला माझ्या, आणि तरी मी मनात म्हणत होतो, बाई, आता पुरे कर.

शेजारी कापसातून सरकी काढण्याचं जिन होतं. नुकताच भोंगा होऊन कामावरच्या बायका सुटल्या होत्या. डोक्यावर, भुवयांवर कापूस उडालेला, तशा पाच-सहाजणी तो आवाज ऐकून कंपाउंडमधून धावत आल्या आणि थेट सभागृहाच्या दारात.

“कोन गेलं वं? अवं, कोन गेलं?”

सभागृह फुटलं. इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर पडलं. वकील हसले, मास्तर हसले, प्राध्यापक रुमाल तोंडाशी धरून हसले. मी प्राध्यापकांच्या शेजारी उभा होतो. ते हसले म्हणून मीही हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. मी वाकून त्यांना इंग्रजीत म्हणालो, नवरा गेल्यापासून बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

ती माझ्यापासून चार हातांवर होती. आणि इंग्रजी तिला येत होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे बघून म्हणाली, “माही माय गेली वं.”

जिनातल्या बायकांनी लोक हसतायत की काय करतायत ते बघितलंच नाही. चपला दारात टाकून त्या खुर्च्यांमधून वाट काढत आल्या आणि तिच्याभोवती बसल्या. एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. “कवा गेली?” तिनं विचारलं. “आठ वर्सं झाले,” नोरामावशी म्हणाली. त्या बाईनं यावर काही आश्चर्य केलं नाही. “अवं माय वं,” म्हणून तिनं गळा काढला. नोरामावशी पुढं सुरू झाली.

मी पुढं काय झालं ते सांगू शकत नाही, कारण मी चहाला गेलो. प्राध्यापकांना व्हरांड्यात चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली. आतून आवाज येत होता. एकीचा परका, बाकीच्यांचा ओळखीचा, मध्ये थांबणं, पुन्हा सुरू होणं. “रंजक आहे,” प्राध्यापक म्हणाले, “पण मंचावर आणायचं तर थोडं संस्कारित करून आणायला हवं.” मी म्हणालो, “बरोबर आहे, सर.”

त्यांना रेल्वेत बसवून मी परत आलो तेव्हा सभागृह रिकामं होतं. जिनातल्या बायका निघून गेल्या होत्या. नोरामावशी एकटी सतरंजीची घडी घालत होती. मी दुसरं टोक धरलं.

“मास्तर, त्याले येत नव्हती ना भाषा?”

मी घडीकडे बघत राहिलो.

“अन् तुले मालूम व्हतं.”

“मावशी, मला वाटलं...”

“बरं झालं, थ्या बाया आल्या,” ती म्हणाली. सतरंजी माझ्या हातात दिली, वर ती कागदाची पुडी ठेवली. “हे त्याले पाठवून देजो. आमच्याबद्दल शिकत व्हता बिचारा.” मग दारापर्यंत जाऊन थांबली. “अन् डोक्शाचं जे बोल्ला ना तू, थे द्वारकेले नोको सांगू. तिले दमा हाय.”

ती रागावली असती तर मला परवडलं असतं. पुढच्या रविवारी घरी गेलो तो धास्तावूनच. आई ओसरीवर बसली होती, प्रसन्न होती. म्हणाली, “नोरा सांगत व्हती, लय मस्त झालं मने. त्या सायेबानं बराबर उत्तर देल्लं. मोकयी झाली रे बाई. तुह्यामुयं झालं.” आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पलीकडच्या अंगणात नोरामावशी गाईला चारा घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. टोपी मी प्राध्यापकांना पाठवली नाही. एवढ्या शहाण्या माणसाला असलं काही कसं पाठवायचं, असं वाटलं.

अमरावतीची जागा मला मिळाली. पुढं मी भाषेवरच शिकवत आलो. मातृभाषेचं माणसाच्या भावजीवनातलं स्थान, हा माझा व्याख्यानाचा आवडता विषय होता. त्यात आयर्लंडचं उदाहरण असायचं. नोरामावशीचं नाव कधीच नसायचं.

ती माझ्या आईनंतर तीनेक वर्षांनी गेली. मी परीक्षेच्या पेपरांत बुडालेलो, मंगरूळपीरचं पत्र टेबलावर न फोडता पडून राहिलं, आणि मला कळलं तेव्हा दिवस उलटून गेले होते. तिच्याशेजारी बसून कोण रडलं, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते आई गेली तेव्हा. तार मिळाली तशी आमच्या विभागप्रमुखांनी आपली गाडी काढली, आणखी एक सहकारी बरोबर आले. दोघेही सुसंस्कृत, हळू बोलणारे. आम्ही पोचलो तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं, पण आवाज नव्हता. सगळ्या पदर तोंडाला लावून थांबल्या होत्या. आईच्या उशाशी नोरामावशी बसली होती. केस पांढरे झाले होते, तोंड मात्र तसंच लाल. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती तिच्या केसांतून बोटं फिरवत होती.

मी आलो तसं तिनं वर पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या दोघांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सगळ्या अंगणासमोर तिनं विचारलं, “मास्तर, रडू का रे?”

टोमणा नव्हता त्यात. मी शंभर वेळा आठवून पाहिलंय. ती खरंच विचारत होती.

“तुह्यासंगचे लोक हासतीन तं नाही रडत मी.”

दोन शब्द होते म्हणायचे. रड, मावशी. त्या वेळी माझी नजर विभागप्रमुखांकडे गेली. ते काय समजतील, हा विचार माझ्या मनात आला, आई समोर मेलेली असताना आला. मी परत वळलो तेव्हा नोरामावशीनं मान हलवली होती, मी उत्तर दिल्यासारखी. तिनं आईचं डोकं अलगद उशीवर ठेवलं आणि बाजूला सरकून बसली. बायका जरा वेळ वाट पाहत राहिल्या, मग एकेकीनं, कुणी पुढं होत नाही म्हणून, कसंबसं रडायला सुरुवात केली. लवकरच थांबल्या.

तिरडी उचलली. मी मडकं धरून पुढं झालो. मागं वळून पाहू नये म्हणतात. मी पाहिलं. नोरामावशी आमच्या दाराची चौकट धरून उभी होती. लुगड्याच्या पदराचा बोळा करून तिनं तोंडात कोंबला होता, एका हातानं तो गच्च दाबून धरला होता. तिचं सगळं अंग हलत होतं. आवाज बाहेर येत नव्हता.